१९७२ ची शेवी नोव्हा: पहिली रिस्टोरेशनची गाडी म्हणून घ्यावी का?

आधीच सांगते, हा चकाचक तयार गाडीचा रिव्ह्यू नाहीये. दादानं आणि मी मिळून घेतलेली शेवीची (शेव्हरोलेची) सहा सिलेंडरची नोव्हा आहे, घेऊन चौदा महिने झाले आणि काम अजून निम्मंच झालंय. पण पहिलीच जुनी मसल कार (दणकट इंजिनची अमेरिकन गाडी) घेऊन घरच्या गॅरेजमध्ये स्वतः उभी करायचं ज्यांच्या मनात आहे ना, त्यांना हे चौदा महिने आणि त्याआधीचा सात महिन्यांचा शोध कामाला येईल, म्हणून सविस्तर लिहितेय.

आम्ही राहतो मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या जवळ. दर ऑगस्टमध्ये वुडवर्ड ड्रीम क्रूझ असते, १९९५ पासून सुरू आहे, रस्त्याच्या कडेला घडीच्या खुर्च्या टाकून बसायचं आणि दिवसभर जुन्या गाड्या जाताना बघायच्या, वेड लागलं ते तिथंच. दादाला हवी होती शेवीचीच १९६९ ची कॅमॅरो. ती सगळ्यांनाच हवी असते, त्यामुळे सडका सांगाडासुद्धा लोक ज्या किमतीला काढतात ते बघून दोन आठवड्यांत आम्ही तो नाद सोडला. मग फोर्डच्या मस्टँग बघितल्या, ६५-६६ च्या साध्या कूपे. पार्ट्सच्या बाबतीत त्या गाडीला तोड नाही, १९६६ च्या मॉडेलच्याच सहा लाखांवर बनल्या होत्या, त्यामुळे जवळपास सगळंच नवं बनून मिळतं. पण इकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, आणि आम्ही ज्या तीन बघितल्या त्या तिन्हींचा काउल, म्हणजे पुढच्या काचेखालचा तो जाळीचा भाग, आतून पार गेलेला होता. तो बदलायचा म्हणजे एकेक स्पॉट वेल्ड ड्रिलनं सोडवत बसायचं, पहिल्या गाडीला ते आमच्यानं झालं नसतं. एक प्लिमथ डस्टर मला फार आवडली होती पण विकणाऱ्याकडे टायटलच (मालकीचा सरकारी कागद) नव्हतं, नुसती बिल ऑफ सेल, म्हणजे विक्रीची पावती, मग तिला तिथंच रामराम.

नोव्हा का, तर ही कॅमॅरोची सख्खी बहीण आहे असं समजा. १९६८ ते ७४ च्या नोव्हाचा पुढचा सबफ्रेम (इंजिन आणि पुढची चाकं धरणारा सांगाडा) आणि सस्पेन्शन ६७-६९ च्या कॅमॅरोशी बरंचसं सारखंच, नोव्हाचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) १११ इंच आणि कॅमॅरोचा १०८, मागे दोन्हींना पाट्यांच्या स्प्रिंगा. त्यामुळे कंट्रोल आर्म, बुश, ब्रेक, स्टिअरिंगचे जोड, सगळं सहज मिळतं. आणि हा सबफ्रेम बॉडीला वेल्ड केलेला नसतो, बोल्टनं जोडलेला असतो. आधी फेंडर, मग रेडिएटर सपोर्ट, मग सबफ्रेम असं करत करत अख्खं नाक गाडीपासून वेगळं करता येतं, शिकणाऱ्या माणसाला यासारखी सोय नाही.

पहिली नोव्हा जी बघायला गेलो ती लाल होती, एसएसचे (सुपर स्पोर्ट, नोव्हाचं ताकदीचं मॉडेल) बॅज, रुंद टायर, रंग असा की आपलं तोंड दिसावं. ७२ ची ओरिजिनल एसएस आहे म्हणाला मालक आणि किंमतही एसएसचीच सांगितली. दादा तर बघताक्षणीच तिच्यात बसला होता. मी डॅशबोर्डवरचा व्हिन नंबर, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, वाचला, ड्रायव्हरच्या बाजूला काचेतून दिसतो तो. १९७२ ते १९८० च्या शेवी कारच्या नंबरात पाचवं अक्षर इंजिनचं असतं, डी म्हणजे २५० चं (क्युबिक इंचात) सहा सिलेंडर, एफ म्हणजे ३०७ चं व्ही-८. त्या वर्षी एसएस मिळायची ती फक्त ३५० वर. इथे एफ होता. हळूच म्हटलं, "दादा, उतर, एफ आहे." मग लोहचुंबक काढलं, दारावर चिकटलं, छतावर चिकटलं, मागच्या चाकाच्या मागे खाली लावलं तर सरळ गळून पडलं. तिथे पत्रा उरलाच नव्हता, नुसती पुट्टी घासून वर रंग मारलेला.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवा, ७२ च्या आधीच्या शेवीत नंबरवरून सहा की आठ एवढंच कळतं, नेमकं कुठलं इंजिन ते नाही. फोर्ड असेल तर १९६७ पासूनच्या गाड्यांचा मार्टी रिपोर्ट (गाडी कारखान्यातून कशी निघाली ते सांगणारा कागद) पैसे भरून मागवता येतो, पाँटिअॅकचे कागदही मिळतात, पण अमेरिकेत बनलेल्या शेवीला तशी सोय नाही. जुने कागद नसतील तर एसएसच्या नावाचे जास्तीचे पैसे देऊच नका.

आमची गाडी सापडली न्यू मेक्सिकोत. फिकट हिरवी, म्हणजे एकेकाळी हिरवी, उन्हानं बॉनेट आणि छत पार पांढुरकं पडलेलं. २५० चं सहा सिलेंडर, दोन गिअरचा पॉवरग्लाइड ऑटोमॅटिक, सीट फाटलेले, डॅश तडकलेला, दारांचं रबर बोट लावलं की भुगा. कोरड्या हवेतल्या गाड्यांचं हे असंच असतं, ऊन रबर-प्लास्टिक खातं पण पत्रा ठेवतं. तिथल्याच एका मेकॅनिकला पैसे देऊन बघायला पाठवलं आणि सांगितलं की फोटो कमी काढ पण काउलच्या जाळीत बाटलीभर पाणी ओत आणि डॅशच्या खालून व्हिडिओ घे. तो व्हिडिओ आम्ही दोघांनी चार-पाच वेळा बघितला असेल. पाणी आत गेलं, डॅशखाली एक थेंब नाही, आणि थोड्या वेळानं पुढच्या चाकामागून खाली धार लागली, सोबत वाळलेली पानं आणि माती. जायच्या वाटेनंच पाणी जात होतं. त्याच रात्री दादानं फोन करून ९,५०० डॉलरला पक्की केली, ट्रेलरवरून आणायचे १,४०० वेगळे. नंबरात डब्ल्यू आहे, म्हणजे बनली मिशिगनलाच, विलो रनच्या प्लांटमध्ये. ट्रेलरवरून उतरताना ते आठवलं आणि मला खरंच भरून आलं.

आता गाडी कशी आहे. इंजिन कमी ताकदीचं आहे हे खरं, ११० हॉर्सपॉवर, त्याच वर्षीच्या एसएसचं ३५० होतं २०० चं. (हे आकडे ७०-७१ च्या जाहिरातीतल्या आकड्यांशी लावू नका, ७२ पासून मोजायची पद्धतच बदलली.) पण काम करायला काय सुख आहे! बॉनेट उघडलं की दोन्ही बाजूंना हात घालायला मोकळी जागा, प्लग, डिस्ट्रिब्युटर, कार्बोरेटर सगळं समोर. कार्बोरेटर मी स्वतः तीनदा उघडून बसवला, तिसऱ्यांदा पहिल्या किल्लीला चालू झाली.

ब्रेक मात्र आवडले नाहीत. चारी चाकांना ड्रम, पावसात ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढते, पुढे डिस्क बसवायचं किट मिळतं ते आम्ही पहिल्या महिन्यातच बसवलं आणि तुम्हीही आधी तेच करा, रंगबिंग नंतर. दुसरं म्हणजे उजव्या बाजूचा गालिचा उचलून बघायला आम्ही सांगितलंच नव्हतं, हीटर कोअर (आत ऊब देणारा छोटा रेडिएटर) गळून गळून खाली फ्लोअर पॅनला तळहाताएवढं भोक पडलं होतं. वाळवंटातल्या गाडीतही! तेवढा तुकडा कापून दादानं नवा पत्रा वेल्ड केला, त्याचं आयुष्यातलं पहिलं वेल्डिंग, दोनदा जाळून भोकं पाडली, तिसऱ्यांदा जमलं.

लोक विचारतात सहा सिलेंडरची कसली मसल कार. बरोबर आहे, आज नाहीये. पण या गाडीत ३५० बसवायचं तर व्ही-८ चे फ्रेम माउंट, मोठा रेडिएटर, पुढच्या जड स्प्रिंगा, असं बोल्टनं होणारं काम आहे, आणि ते इंजिन अजूनही बाजारात भरपूर आहे. पैसे साठले की आम्ही बसवणार आहोत. सडका पत्रा असलेल्या खऱ्या एसएसला मात्र आधी बॉडीवरच गाडीच्या किमतीएवढा खर्च येतो, आणि तो करून झाल्यावर बऱ्याच जणांकडे इंजिनला हात लावायला ना पैसे उरतात ना उत्साह. क्रेट्समध्ये अर्धवट पडलेल्या अशा चार गाड्या आम्ही शोधताना बघितल्या, वाईट वाटतं बघून.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक ब्रेकसाठी कापला.

बघायला जाताना लोहचुंबक फडक्यात गुंडाळून न्या म्हणजे रंगाला चरे पडत नाहीत, पाण्याची बाटली न्या, टॉर्च न्या, ट्रंकमधलं मॅट आणि पुढचे गालिचे दोन्हीकडचे उचला, मागच्या काचेच्या क्रोम पट्टीखाली नखानं दाबून बघा कारण तिथून पाणी झिरपून ट्रंक सडते, आणि टायटलवरचा नंबर डॅशवरच्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळवल्याशिवाय पैशाचा विषय काढू नका.