लिंबूसरबताचा ट्रे धरून उभा असलेला माणूस

'इन द हीट ऑफ द नाइट' पहिल्यांदा पाहिला तो त्या गाजलेल्या थपडेसाठी. परवा तिसऱ्यांदा पाहिला तेव्हा माझी नजर मागे ट्रे घेऊन उभ्या असलेल्या नोकरावरच होती.

सिनेमा १९६७ चा, दिग्दर्शक नॉर्मन ज्युइसन. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्यातल्या स्पार्टा गावात कारखाना काढायला आलेल्या उद्योगपतीचा खून होतो. स्टेशनवर एक काळा माणूस गाडीची वाट बघत बसलाय, अंगात सूट, पाकिटात पैसे. पोलिसांना तेवढं पुरतं. धरून आणल्यावर कळतं, हा फिलाडेल्फियाचा पोलीस अधिकारी व्हर्जिल टिब्स, पगार आठवड्याला १६२ डॉलर ३९ सेंट. गावचा गोरा पोलीस चीफ गिलेस्पी च्युइंग गमबरोबर तो आकडाही चघळत बसतो. चीफच्या कामात रॉड स्टायगर भन्नाटच.

खुनाचं कोडं यथातथाच आहे. खुनी कळला तेव्हा मी 'बरं' म्हटलं आणि चहा ठेवायला उठलो. खरं भांडण अरे-तुरेचं आहे. गाव त्याला नुसतं 'व्हर्जिल' म्हणतं, नाहीतर 'बॉय'. इंग्रजीत अहो-जाहो नाही, त्यामुळे सगळा मान 'मिस्टर' या एका शब्दात अडकलेला, आणि टिब्स तो मागून घेतो.

पोटापाण्यासाठी मी फोटो काढतो, म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. सावळ्या चेहऱ्यावर भसाभसा लाइट मारून तो उजळ करून द्यायचं पाप मी वर्षानुवर्षं केलंय. गिऱ्हाईकच मागतं. पण गडद त्वचेवर जास्त लाइट चमकतो आणि चेहऱ्यावरचे बारकावे जातात. छायालेखक हॅस्केल वेक्सलर यांनी लाइट मुद्दाम उतरवला, म्हणून टिब्स झालेल्या सिडनी पॉइटिए यांचा गिळलेला रागसुद्धा जबड्यावर दिसतो.

आता तक्रार. काळा नायक एकच, बाकीचे काळे लोक देखाव्यासारखे. गाडी कापसाच्या शेतांजवळून जाते, वेचणारे दिसतात, मागे पडतात. 'मामा कलेबा' या काळ्या बाईचं काम करणाऱ्या बिया रिचर्ड्स यांना एकच प्रसंग मिळतो, पण तेवढ्यात त्या टिब्सचा रुबाब उतरवून ठेवतात. टिब्स पहिल्यापासूनच हुशार, टापटीप, बिनचूक. बदलायचं काम गोऱ्या चीफचं. स्टायगरना ऑस्कर मिळालं, पॉइटिए यांना नामांकनसुद्धा नाही. दक्षिणेत शूटिंग करायला पॉइटिए तयार नव्हते, म्हणून बराचसा सिनेमा उत्तरेकडच्या इलिनॉय राज्यातल्या, स्पार्टा याच नावाच्या दुसऱ्या गावात झाला. पडद्यावरची भीती खोटी नव्हती, एवढं त्यावरून कळतं.

आणि ती थप्पड. एंडिकॉट या बड्या जमीनदाराचं ऑर्किडचं काचघर. चौकशीचा रोख आपल्याकडे आहे हे लक्षात येताच तो टिब्सच्या कानाखाली वाजवतो, आणि त्याचा हात खाली यायच्या आत टिब्सची परत बसते. एंडिकॉट चीफला विचारतो, आता काय करणार? चीफलाही माहीत नाही. तेवढ्यात म्हाताऱ्या काळ्या नोकराकडे बघा. तो खूश होत नाही. ट्रे हातात तसाच, आणि नुसती मान हलवतो. आता गावातल्या काळ्यांचं काय होणार, हे तो टिब्सपेक्षा चांगलं जाणतो, असं मला वाटलं.

ते काम करणारे जेस्टर हेअरस्टन. 'लिलीज ऑफ द फील्ड' या १९६३ च्या सिनेमात पॉइटिए 'आमेन' गाताना दिसतात, तो आवाज यांचा. त्याच सिनेमाने पॉइटिए यांना ऑस्कर दिलं. इथे हेअरस्टन यांच्या वाट्याला सरबत आलं.