गाळातला रोटरी बोअर, मड शेतातल्याच मातीचा

यावल-रावेरच्या गाळपट्ट्यात बोअर घ्यायचा तर हवेच्या दाबावर हातोड्यानं दगड फोडत जाणारी डीटीएच गाडी कामाची नाही. काळ्या दगडात ती झपाझप उतरते. आपल्याकडे खाली वाळू, चिकणमाती, परत वाळू, हवा थांबली की भोक ढासळतं. इथे मड, म्हणजे मातीचं दाट पाणी, भोकात फिरतं ठेवून भिंत धरणारी रोटरी गाडीच लागते. बहुतेक ठेकेदार मडसाठी कच्छ-राजस्थानच्या बेंटोनाइटच्या (पाण्यात फुगणाऱ्या मातीच्या) गोण्या आणतात आणि बिलात वेगळ्या लावतात. केळीसाठी यंदा नवा बोअर घेताना मी मुद्दाम शेतातल्या मातीचा मड बनवणारी टोळी बोलावली. काम आवडलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

मिस्तरींनी नांगरटीची माती घेतलीच नाही. "ताई, हिच्यात मुळ्या न् शेणखत, मड नासतो," म्हणाले. दोन हात खालची चिकण काढली, ओली करून तळहातावर वळली, लांब दोरी न तुटता निघाली तेव्हा कुठे होकार दिला. ती रात्रभर टाकीत भिजवून सकाळी जाळीतून गाळली. मग हजार लिटर पाण्याला साधारण किलोभर धुण्याचा सोडा. काळ्या मातीत बेंटोनाइटमधलंच खनिज असतं, मॉन्टमोरिलोनाइट. पण ते बहुतेक कॅल्शियम धरून असतं, म्हणून कमी फुगतं. सोड्यातलं सोडियम कॅल्शियमची जागा घेतं आणि मड दाटतो. आपल्या जड पाण्यातलं कॅल्शियमही सोड्यानं खाली बसतं.

अंदाजपंचे काहीच नव्हतं. त्यांच्याकडे मार्श फनेल नावाचं नरसाळं आहे. त्यातून साधं पाणी ठरलेल्या मापाला २६ सेकंदांत उतरतं. मड ते ३५ ते ४० सेकंदांवर ठेवत होते. पातळ झाला की माती, घट्ट झाला की पाणी, पोरगा घड्याळ घेऊन बसलेला. परत येणारी वाळू बसावी म्हणून दोन खड्डे एकापुढे एक खणले होते, तेही वेळच्या वेळी उपसले.

आता उणी बाजू. तेवढाच दाटपणा आणायला ही माती बेंटोनाइटच्या कितीतरी पट लागते. मड जड होतो आणि पाणी देणाऱ्या वाळूवर त्याचा जाड थर बसतो. केसिंग (भोकातला पाइप), पाणी आत घेणारा फिल्टर पाइप, भोवतीची ग्रॅव्हल सगळं व्यवस्थित उतरलं तरी हा थर निघाला नाही तर बोअरला पाणी कमीच. तो काढायला कॉम्प्रेसरनं हवा मारून बोअर धुतात. पाणी जरा निवळलं तशी टोळी कॉम्प्रेसर बंद करायला निघाली होती. मी अडून बसले. चालू-बंद, चालू-बंद करत बादलीच्या तळाशी गाळ दिसेनासा होईपर्यंत मारायला लावला, आणि पाण्याची धार डोळ्यांदेखत वाढत गेली. ठेका ठरवताना नुसता फुटाचा भाव बोलू नका, बोअर धुण्याचं काम कागदावर लिहून घ्या.

सातपुड्याच्या पायथ्याशी, गोटे-भरड लागते तिथे, मात्र मी ही पद्धत निवडणार नाही. तिथल्या पोकळ्या मड पिऊन टाकतात.

आणि एक, उरलेला मड केळीत पसरू देऊ नका. त्यात सोडियम आहे, जमीन चोपण होते. मिस्तरींनी हे आपणहून सांगितलं, आणि खड्डे बांधाबाहेर, वाटेच्या कडेला खणले होते ते याचसाठी.