लपण-तंबू, आठ महिने वापरून: येरळवाडी, मायणी आणि मध्येच आलेली एक शेळी

ऑक्टोबरात मागवला आणि दिवाळीच्या ऐन धांदलीत घरी आला. काळ्या गोल पिशवीत, मोठ्या परातीएवढा. सासूबाईंनी पिशवी उघडायला मदत केली आणि आतला प्रकार फाडकन उघडून सोफ्यावर उभा राहिला. "अगं बाई," एवढंच त्या म्हणाल्या आणि चकल्या तळायला निघून गेल्या.

एका माणसानं आत बसून पक्ष्यांचे फोटो काढायचा हा तंबू. दीड मीटर रुंद, तेवढाच लांब, उंची माझ्यापेक्षा जरा जास्त. पिशवीसकट वजन साडेतीन किलोच्या आसपास. मला पाच हजार आठशेला पडला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि अशाच बनावटीचे तंबू बऱ्याच नावांनी मिळतात. आम्ही त्याला 'लपण' म्हणतो.

आम्ही म्हणजे पाचजण. मी सांगली जिल्ह्यातल्या विट्याची, शाळेत भूगोल शिकवते. एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले काका, दातांचे एक डॉक्टर, आणि माझेच दोन जुने विद्यार्थी, ज्यांचे कॅमेरे आता माझ्यापेक्षा भारी आहेत. माझ्याकडे जुना, लहान सेन्सरचा डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) आणि लांबचं जवळ आणणारी सेकंडहँड 150-600 मिलिमीटर झूम लेन्स. रविवारी पहाटे पाचला निघायचं, मायणीचा तलाव नाहीतर पुढे येरळवाडीचा, नऊ-साडेनऊला परत. त्यानंतर पाण्यावर ऊन तापलं की हवा थरथरते आणि 600 वर काढलेला प्रत्येक फोटो पाण्यात पडून भिजल्यासारखा दिसतो. त्याला कुठलीच लेन्स पुरी पडत नाही, फक्त अंतर कमी करता येतं. तंबू घ्यायचं खरं कारण हेच होतं.

सातारा जिल्ह्यातला खटाव-माणचा हा भाग पर्जन्यछायेतला, त्यामुळे इथं तलाव म्हणजे माणसांना, जनावरांना आणि पक्ष्यांना एकच दार. नोव्हेंबरपासून थापट्या, चक्रवाक, तलवार बदक अशी बदकं येतात. पट्टकदंब हे रानहंस तर मध्य आशियातून हिमालय ओलांडून येतात आणि काठच्या गाळपेरीतला (पाणी ओसरलेल्या गाळात पेरलेला) हरभरा खुडतात. पाणी उतरून उथळ चिखल उघडा पडला की शेकाट्या, तुतवार असे चिखलात चरणारे पक्षी आणि नशीब असेल तर रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. पाणी भरपूर असेल त्या वर्षी माणसं खूश असतात, पण चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांना जागा उरत नाही. मायणी परिसरातले तलाव 2021 मध्ये पक्षी संवर्धन राखीव म्हणून जाहीर झाले. त्यामुळे तंबू कुठं ठोकणार हे आम्ही आधी वनखात्याच्या माणसांना सांगतो. त्यांनी दोनदा "तिथं नको" म्हटलं, दोन्हीदा त्यांचं बरोबर होतं.

आता तंबूबद्दल. पहिला महिना वाया गेला, हे सरळ सांगते.

एक तर रंग. कापडावर हिरवीगार पानं छापलेली, कुठल्यातरी घनदाट जंगलातली. आपल्याकडे डिसेंबरात तलावाचा काठ तपकिरी, भेगाळलेला, नुसता सपाट. त्यावर हे हिरवं झुडूप रातोरात उगवलेलं. मला तर ते अर्ध्या किलोमीटरवरून दिसायचं, पक्ष्यांना दिसत नसेल असं कशाला समजायचं? शेवटी काकांनी घरून गोणपाट आणलं, ते तलावाच्याच चिखलात बुडवून वाळवलं आणि वरून शिवलं. दीड किलो वजन वाढलं, पण त्या रविवारपासून फरक पडला. शेकाट्या आठ मीटरवर आल्या. त्यांचे ते लाल, काडीसारखे पाय फ्रेममध्ये मावेनात.

दुसरं, वेल्क्रो. खिडकीचे पडदे वेल्क्रोनं लावायचे. पक्ष्यांच्या तंबूला वेल्क्रो लावायचं ज्याला सुचलं त्याला एकदा पहाटे सहाला तलावावर बसवलं पाहिजे. एक पडदा उघडला, टर्रर्र, आणि वीस-पंचवीस हळदीकुंकू बदकं एकदम हवेत. (चोचीवर पिवळं टोक आणि कपाळाशी लाल ठिपके, म्हणून हळदीकुंकू. हे नाव ज्यानं ठेवलं त्याला मात्र माझा नमस्कार.) विट्यातल्या टेलरकडून सगळं वेल्क्रो काढून नाड्या लावून घेतल्या. साठ रुपये. त्यानं तीनदा विचारलं, "बाई, ह्यात झोपायचं असतंय का?"

त्याच फेरीत त्याच्याकडून खाली एक फट कापून घेतली. मूळ खिडक्या स्टुलावर बसणाऱ्या माणसाच्या उंचीला आहेत, म्हणजे पाण्याकाठच्या पक्ष्याचा फोटो वरून खाली येतो आणि पक्षी चिखलाला चिकटल्यासारखा दिसतो. जमिनीपासून वीतभर वर लेन्स असली की पक्ष्याच्या डोळ्याला डोळा भिडतो आणि मागचं पाणी धूसर होतं. सतरंजी टाकून पालथं पडायचं, लेन्सखाली बीन बॅग, म्हणजे दाणे भरलेली छोटी उशी. बीन बॅगमध्ये मी जोंधळा भरला होता. जानेवारीत एकदा काठावरच्या ओलीत ती दोन दिवस गाडीत राहिली आणि तिसऱ्या दिवशी जोंधळ्याला मोड आले. तंबूचा यात दोष नाही, पण वापरानंतरचा अनुभव म्हणून लिहून ठेवते.

खिडक्यांना जाळी आहे. जाळीतून फोटो काढता येतो असं माहितीपत्रकात म्हटलंय. येतो, पण ऑटोफोकस जाळीवरच घुटमळतो आणि रंग फिके पडतात. जाळी वर गुंडाळून लेन्सभोवती जुनी ओढणी बांधणं बरं.

घडी घालण्याबद्दल वेगळं लिहायला हवं. आत स्प्रिंगच्या पट्टीची कडी आहे. तिला इंग्रजी आठासारखा पीळ देऊन गोल करायचं. पहिल्या दिवशी डॉक्टर आणि दोन्ही पोरं, तिघांनी मिळून अर्धा तास झुंज दिली. तंबू जिंकला. आम्ही तो तसाच गाडीच्या टपावर बांधून मायणीतून आणला आणि बाजारात लोकांनी वळून वळून पाहिलं. शेवटी काकांनी व्हिडिओ वगैरे न बघता, एसटीचं स्टेअरिंग फिरवावं तसे दोन्ही हात फिरवले आणि पहिल्या झटक्यात घडी बसली. आजही घडी तेच घालतात. ते आले नाहीत तर तंबू नेत नाही.

खुंट्या अगदीच किरकोळ, काळ्या मातीच्या भेगेत रोवली की हलते आणि चिखलात रोवली की निघते. वाऱ्याला तंबू टिकतो तो चारी कोपऱ्यांत ठेवलेल्या दगडांमुळे. चेन सहाव्या महिन्यात गेली. विक्रेत्याला कळवलं, तर "मुदत संपली" असं छापील उत्तर. तीही टेलरनंच बसवली.

आता पक्षी तंबूला खरंच फसतात का? अर्धे. दोघांनी मिळून तंबूकडे जायचं, एकानं आत बसायचं आणि दुसऱ्यानं उघडपणे परत जायचं, ही जुनी युक्ती शेकाट्या, टिबुकल्या, बदकं यांच्यावर चालते. माणूस गेला, विषय संपला. पट्टकदंबांवर चालत नाही. त्यांच्यात सगळे चरताना एक-दोघं माना वर करून उभेच असतात. शिवाय माझ्या डीएसएलआरचा आरसा वाजतो, पंधरा मीटरवर त्यांना तो स्वच्छ ऐकू जातो. पहिल्या क्लिकला माना वर, दुसऱ्या क्लिकला चालायला सुरुवात. पोरांचे बिनआरशाचे मिररलेस कॅमेरे मुके आहेत, तिथं मी हरले.

आणि मग ती शेळी. फेब्रुवारीतली सकाळ, येरळवाडी. वीसेक पट्टकदंब हरभऱ्यातून माझ्याच दिशेनं चरत येत होते, ऐंशी मीटर, साठ, पन्नास. मी श्वास धरून. तेवढ्यात तंबू मागून ओढला गेला. वळून बघते तर एक शेळी आमचं गोणपाट खात होती. मागून मेंढरांचा कळप, त्यामागे घोंगडी घेतलेले आजोबा. खिडकीतून आत वाकून म्हणाले, "हितं काय इकायला बसलायसा व्हय बाई?" मी खुणेनं हंस दाखवले. ते म्हणाले, "त्यास्नी काय बघायचं, रोज येत्यात," आणि शेळीला शिवी घालून निघून गेले.

मला वाटलं सगळं संपलं. पण पट्टकदंब उडाले नव्हते. मेंढरं त्यांच्या बाजूनं पसरत गेली, आजोबा अगदी तीस मीटरवरून गेले आणि ते फक्त जरा सरकले. मेंढरांच्या आडोशानं ते तंबूच्या इतके जवळ आले की डोक्यामागचे दोन्ही काळे पट्टे आणि पिवळी चोच मोजून घ्यावी. माझे हंगामातले सर्वांत चांगले फोटो त्या दहा मिनिटांतले. तेव्हापासून आम्ही कळपाची वेळ बघून तंबू लावतो. आजोबांच्या घोंगडीपुढे माझा तंबू किती उपयोगाचा, याचा मी अजून विचार करते.

रोहित मात्र शंभर मीटरच्या आत कधीच आले नाहीत. डोकं उलटं करून चोचीनं पाणी गाळत ते त्यांच्याच नादात उभे. एका पोरानं "जरा उडवूया, पंखाखालचा रंग येईल," असं सुचवलं. काकांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. विषय तिथंच संपला.

तंबूचा एक तोटा जाहिरातीत कोणी लिहिणार नाही. पूर्वी आम्ही पाचही जण बांधावरून एकत्र चालायचो, पक्षी उडवायचो आणि भरपूर बोलायचो. आता एकजण आत आणि चौघं मायणीत चहाला. चिठ्ठ्या टाकून नंबर ठरतो. फोटो सुधारले, पण डॉक्टर डिसेंबरात दोनदा रुसले. बाई म्हणून आणखी एक गोष्ट: चार तास आत बसायचं तर आदल्या रात्रीपासून पाणी बेतानं प्यावं लागतं. दहानंतर आत भट्टी होते. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की पक्षी गेले खड्ड्यात असं वाटतं.

मार्चनंतर तलाव आटले तेव्हा आम्ही खाली कृष्णेवर भिलवडीकडे गेलो. येरळवाडीची येरळा नदी शेवटी ब्रह्मनाळला कृष्णेलाच मिळते, त्यामुळे आपलाच रस्ता पुढे चालल्यासारखं वाटलं. तिथं तंबू लावला नाही. एक तर काठावर मगरी, आणि पालथं पडून लेन्समध्ये डोळा घातलेल्या माणसाला मागचं काही दिसत नाही. दुसरं, उन्हाळ्यात नदीतल्या खडकांवर आणि वाळूवर नदी सुरय आणि पाणभिंगरी हे पक्षी अंडी घालतात. घरट्याजवळ तंबू म्हणजे आई उठून जाणार आणि अंडी उन्हात शिजणार. पुलावरून, उभ्यानं, जे मिळालं ते.

पाचपैकी साडेतीन. त्यातला एक टेलरचा आणि अर्धा काकांच्या गोणपाटाचा. कापड स्वतः चांगलं आहे, दवानं आत ओल आली नाही आणि काळं अस्तर असल्यानं आतली हालचाल बाहेर दिसत नाही. घेणार असाल तर तपकिरी रंगाचा मिळतो का बघा आणि खिडकी खालपर्यंत आहे का तेही.

सध्या तो माळ्यावर आहे, गोणपाटासकट, एका कोपऱ्यात शेळीनं खाल्लेला. काल डॉक्टरांचा फोन आला होता. नोव्हेंबरातला पहिला नंबर त्यांचा, चिठ्ठी न टाकता. मी हो म्हटलंय, बाकीच्यांना अजून सांगितलेलं नाही.