जिवाणूंचा जलविरोधीपणा मोजायचाय: हेक्झाडेकेन, क्षार की थेंबाचा कोन?

गॅरेजमागच्या तेलकट मातीतून जिवाणू वेगळे केले, आता त्यांच्या पेशी पाण्यापासून किती फटकून राहतात ते मोजायचंय, असं विचारत एमएस्सीची पोरं दरवर्षी येतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी क्षाराची चाचणी करून दहा-बारा कल्चरमधून तीन-चार निवडा, मग त्यांच्यावर हेक्झाडेकेन या तेलासारख्या द्रवाची.

हेक्झाडेकेनची, म्हणजे ‘मॅथ’ (जिवाणू हायड्रोकार्बनला किती चिकटतात ते मोजायची) पद्धत, 1980 मध्ये मेल रोझेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी मांडली. पेशी बफरने (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाने) दोनदा धुवायच्या, गढूळपणाचं रीडिंग घ्यायचं, हेक्झाडेकेन घालून दोन मिनिटं व्होर्टेक्सवर घुसळायचं, पंधरा मिनिटं थांबायचं. जलविरोधी पेशी तेलाच्या थेंबांना चिकटून वर जातात, खालचं पाणी निवळतं. रीडिंग 0.60 वरून 0.24 वर आलं, तर 60 टक्के पेशी चिकटल्या. साधा कलरीमीटर पुरतो, म्हणून कॉलेजच्या लॅबला ही परवडते.

हात मात्र सांभाळावा लागतो. तेल वर तरंगत असतं, त्यातून पिपेट खाली नेताना एक बारीक थेंब आत आला तरी पाणी गढूळ दिसतं आणि टक्केवारी खोटी कमी येते. दुसरं, हेक्झाडेकेन 18 अंशांच्या आसपास गोठतं. आपल्याकडे जानेवारीत पहाटे पारा 10 च्याही खाली जातो. सकाळी बाटली उघडावी तर आत मेणासारखा पांढरा गोळा. बाटली कोमट पाण्यात ठेवा आणि पुढचं सगळं 30 अंशांच्या वॉटर बाथवर करा. तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: पेशी आणि तेलाचे थेंब दोन्ही बहुधा ऋणभारित असतात, एकमेकांना ढकलतात. म्हणजे इथे मोजलं जातं ते चिकटणं, निव्वळ जलविरोधीपणा नव्हे. बफर आणि पीएच लिहिल्याशिवाय तो आकडा कुणाच्याही कामाचा नाही.

थेंबाच्या कोनाची पद्धत तत्त्वाने सगळ्यात सरळ. फिल्टरवर पेशींचा थर, त्यावर पाण्याचा थेंब. कोन जितका मोठा तितका पृष्ठभाग जलविरोधी. पण त्याला गोनिओमीटर, म्हणजे कोन मोजायचं उपकरण, लागतो, आणि थर किती वाळला त्यावर कोन बदलतो. उपकरण हाताशी असेल तरच या वाटेला जा.

क्षाराच्या चाचणीत काचपट्टीवर पेशींचा एक थेंब आणि तेवढंच अमोनियम सल्फेटचं द्रावण मिसळायचं, दोन मिनिटं हलवत गुठळ्या होतात का ते पाहायचं. जितक्या कमी क्षारात गुठळ्या, तितकी पेशी जलविरोधी. खर्च जवळपास नाही. निकाल ढोबळ येतो, पण छाननीला तेवढा बास. मे महिन्यात पंख्याखाली हे करू नका: थेंब कडेने सुकतो, क्षार दाटतो आणि नसलेल्या गुठळ्या दिसतात. शेजारी नुसत्या बफरमधला थेंब ठेवाच. तिथेही गुठळ्या झाल्या, तर ते कल्चर मुळातच आपोआप गोळा होणारं आहे. या चाचणीतून त्याला वगळा.