गुलमर्ग: मे, फेब्रुवारी की सप्टेंबर?

आपल्याकडे काश्मीरची सहल ठरते ती शाळेच्या सुट्टीवर: मे, दिवाळी, नाहीतर नाताळ. गुलमर्गचं वेळापत्रक मात्र बर्फावर चालतं. म्हणून आधी एवढंच ठरवा, की नुसता बर्फ बघायचाय, स्कीइंग शिकायचंय, की हिरव्या कुरणात हिंडायचंय. मग महिना निवडणं अवघड नाही.

दुसरी गोष्ट उंचीची. गुलमर्गचं कुरण 2,650 मीटरवर आहे. गोंडोलाचा, म्हणजे इथल्या केबल कारचा, पहिला टप्पा कोंगडोरीला, म्हणजे सुमारे 3,100 मीटरवर सोडतो आणि दुसरा अफरवट शिखराच्या खांद्यावर, जवळपास 4,000 मीटरवर. मे महिन्यात खाली गवत, मध्ये चिखल आणि वर बर्फ असं एकाच दिवशी दिसतं. ‘बर्फ होता’ आणि ‘बर्फ नव्हता’ असं सांगणारे दोघंही खरं बोलत असतात. ते वेगवेगळ्या टप्प्यांवर गेलेले असतात.

मे महिन्यात जाणार असाल तर दुसऱ्या टप्प्याचं तिकीट हातात आल्याशिवाय बाकीचं काही ठरवू नका. तिकीट ऑनलाइन निघतं, प्रत्येकाच्या नावाने, त्यामुळे मूळ ओळखपत्र जवळ लागतं. दुसऱ्या टप्प्याची तिकिटं आधी संपतात, आणि मे महिन्यात नुसत्या पहिल्या टप्प्यावर जाऊन मुलांची निराशा होते. सकाळचा पहिला स्लॉट घ्या, कारण दुपारी ढग चढतात, वारा सुटतो. झाडांची रेषा संपल्यावर केबिनला आडोसा नसतो, म्हणून वाऱ्यात आधी दुसरा टप्पाच थांबवतात. वर पोचल्यावर धावपळ नको. समुद्रसपाटीवरून आलेल्या माणसाचं डोकं तिथे लवकर जड होतं, म्हणून आदली एक रात्र तरी श्रीनगरला काढलेली बरी. डोकेदुखीबरोबर मळमळ सुरू झाली तर थांबून बघत बसू नका, सरळ खाली या.

स्कीइंगसाठी फेब्रुवारीला तोड नाही. 21 डिसेंबरपासून चाळीस दिवस चालणारा ‘चिल्ले कलान’, म्हणजे कडाक्याच्या थंडीचा काळ, सरलेला असतो, बर्फाचा थर बसलेला असतो आणि दिवसही मोठा होऊ लागतो. नाताळात हॉटेलं सगळ्यांत महाग आणि बर्फाची खात्री सगळ्यांत कमी. जानेवारी 2024 मध्ये तर उतार कित्येक दिवस कोरडेच होते. मार्चच्या मध्यानंतर बर्फ सकाळी कडक आणि दुपारी लगदा होतो. नवशिक्याला दोन्ही त्रासदायक.

हे ठिकाण काल-परवाचं नाही. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी इथे 1927 मध्ये स्की क्लब काढला, सरकारी स्कीइंग व गिर्यारोहण संस्था 1968 पासून आहे. गोंडोलाचा पहिला टप्पा 1998 मध्ये आणि दुसरा 2005 मध्ये सुरू झाला. उन्हाळ्यात जिथे गोल्फ खेळतात, त्याच मंद उतारांवर हिवाळ्यात नवशिके पहिले धडे गिरवतात.

शिकायला किमान चार दिवस हवेत. पहिला दिवस पडण्यात आणि उठण्यातच जातो. भाड्याचे बूट घेताना घाई करू नका: गुडघा पुढे वाकवला की नडगी बुटाच्या जिभेला टेकली पाहिजे आणि टाच उचलली जाता कामा नये. मोजा एकच घाला, पातळ लोकरीचा. थंडीच्या भीतीने दोन घातले की बूट आवळतो, रक्त नीट फिरत नाही आणि बोटं जास्तच गारठतात. स्की हनुवटीपर्यंत उंचीची पुरे. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीवर धरून ठेवणारी पकड, तुमच्या वजनाप्रमाणे लावून घ्या. ते फार घट्ट असेल तर पडताना स्की सुटत नाही आणि गुडघा मुरगळतो. अफरवटवरून स्की करत उतरायचा मोह पहिल्या वर्षी टाळा. ठरावीक पट्ट्याबाहेर हिमकडा कोसळण्याचा धोका खरा आहे. तिथे बीकन (बर्फाखाली अडकलेल्याचा माग देणारं यंत्र), फावडं, प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि जाणकार गाइड लागतोच.

हिवाळ्यात हमखास फसतो तो श्रीनगरहून एका दिवसात जाऊन येण्याचा बेत. ताज्या बर्फानंतर घाटाच्या पायथ्याशी टंगमर्गला गाड्या अडतात. पुढच्या 13 किलोमीटरच्या घाटात चाकांना साखळी असलेली गाडीच सोडतात आणि त्या बदलाबदलीत सकाळ जाते. मुक्काम गुलमर्गलाच ठेवा, आणि खोलीत बुखारी (लाकडावर चालणारी काश्मिरी शेगडी) किंवा सेंट्रल हीटिंग आहे का, ते बुक करतानाच विचारा. परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा हवा, बर्फात श्रीनगरची उड्डाणं रद्द होतात.

जुलै-ऑगस्टमध्ये दक्षिणेची पीर पंजाल पर्वतरांग मान्सूनचा बराच जोर अडवते; सरी येतात, पण कोकणासारखी झड लागत नाही. रानफुलं याच काळात. तरी चालायची आवड असेल, तर सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबरची सुरुवात घ्या: गर्दी कमी, हवा स्वच्छ, आणि नशीब असेल तर 8,126 मीटरचा नंगा पर्वत उत्तरेला लख्ख दिसतो. दिवाळी नोव्हेंबरात आली तर मात्र गुलमर्गसाठी थांबू नका. गवत वाळलेलं असतं आणि स्कीइंगजोगा बर्फ अजून साठलेला नसतो.

कोणत्याही महिन्यात जा, घरातला निदान एक फोन पोस्टपेड असू द्या. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालत नाही, आणि गोंडोलाचं तिकीट त्याच फोनमध्ये असतं. प्रिंट काढूनच निघा.