झास्तावा एम ४८ : ग्रीसच्या थराखाली दडलेली रायफल

युगोस्लाव्हियात, आजच्या सर्बियातील क्रागुयेवाच येथे बनलेल्या या रायफलीला काही विक्रेते सरसकट ‘जर्मन माउझर’ म्हणून खपवतात. मला ती विकणाऱ्यानेही तेच केले. प्रत्यक्षात हिची रचना दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या युगोस्लाव्ह एम २४ रायफलीवर बेतलेली असून, काडतूस तेच ७.९२ × ५७ मिमी असले, तरी रिसीव्हर (बोल्ट सामावणारा धातूचा सांगाडा) ‘के ९८ के’ या जर्मन माउझर रायफलीपेक्षा किंचित आखूड असल्याने दोघींचे बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत सारून ती बंद करणारे सरकते भाग, एकमेकींना चालत नाहीत. रिसीव्हरच्या माथ्यावरील मशाली असलेल्या युगोस्लाव्ह राजचिन्हात २९ नोव्हेंबर १९४३ ही तारीख असते. घाईत वाचणारे ती उत्पादनाची समजतात, पण ती बोस्नियातील यायत्से येथे भरलेल्या आव्नोयच्या (युगोस्लाव्हियाच्या फॅसिस्टविरोधी मुक्ती परिषदेच्या) अधिवेशनाची आहे. बोल्टचा दांडा खाली वाकलेला नसून सरळ असेल, तर ती बहुधा जुन्या रायफलीचे नूतनीकरण करून काढलेली एम २४/४७ समजावी.

साठवणुकीचे ग्रीस लाकडात इतके मुरले होते की चार दिवस पुसूनही दस्ता हाताला चिकटत राहिला. नळीच्या आतले आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) मात्र लख्ख निघाले. नंतरच्या एम ४८ए मध्ये काही भाग पत्रा ठोकून बनवले गेले, म्हणून संग्रहासाठी मी मूळ आवृत्तीच निवडेन.