द्राक्षावर समुद्री शेवाळाचा अर्क: देशी कॅन आणि इम्पोर्टेड कॅन

आमची माणिक चमन जातीच्या द्राक्षाची बाग आहे, तासगाव तालुक्यात. माल बेदाण्याला जातो, त्यामुळं एक्स्पोर्टवाल्यांसारखी टॉनिकं मारत सुटणं परवडत नाही. यंदा फळछाटणीनंतर शेवाळाचे दोन अर्क शेजारशेजारच्या ओळींवर वापरले आणि मधल्या दोन ओळी कोऱ्या ठेवल्या. कंपन्यांची नावं लिहीत नाही. असे कॅन सांगलीत कुठल्याही मोठ्या कृषी सेवा केंद्रात मिळतात, आणि खरा फरक कंपनीत नाही, शेवाळात आहे.

देशी कॅन तांबड्या शेवाळाचा, कप्पाफायकसचा. सील फोडलं की सुकटीचा वास येतो, रंग फिकट तपकिरी. तळाला गाळ बसतो. कॅन हलवून, फडक्यातून गाळूनच टाकीत ओता, नाहीतर ब्लोअरचे नोझल साफ करण्यातच सकाळ जाते. लिटरला दोन मिली घेतलं. फुलोऱ्याआधी एकदा, मणी सेट झाल्यावर एकदा. मध्ये अवकाळी पाऊस झाला आणि ढगाळ हवा चिकटून राहिली, तेव्हा या ओळींची पानं कोऱ्या ओळींपेक्षा लवकर सावरली, शेंडाही चालू राहिला. घडाच्या वजनात मला फरक दिसला नाही. डाऊनीवर, म्हणजे केवडा रोगावर, तर याचा काडीचा उपयोग नाही. दुकानात कुणी तसं सांगितलं तर पैसे खिशातच ठेवा.

इम्पोर्टेड कॅन उत्तर अटलांटिकच्या तपकिरी शेवाळाचा, एस्कोफायलमचा. दाट, काळपट, हाताला लागला की निघता निघत नाही. पानाला काळोखी थोडी जास्त आली, हे मान्य. पण किंमत जवळपास दुप्पट, आणि बेदाणा शेडवर जाळीत पसरल्यावर कुठल्या ओळीचा माल कुठला ते मलाही सांगता आलं नसतं.

एक गोष्ट मात्र नीट सांगते. मणी फुगायला आपण घड जीएच्या, म्हणजे जिबरेलिक ॲसिड या संजीवकाच्या, पाण्यात बुडवतो. दुकानदार म्हणाला, "वहिनी, जीएच्या बुडवणीत मिसळा बिनधास्त." घरी इम्पोर्टेड अर्कात पीएचची पट्टी बुडवली तर निळीशार. तपकिरी शेवाळाचा अर्क बहुतेक वेळा पोटॅशच्या अल्कलीत शिजवून काढतात, म्हणून तो अल्कधर्मी असतो. जीएला पाणी आम्लधर्मी लागतं, त्यासाठीच तर आपण सायट्रिक ॲसिड टाकून पीएच खाली आणतो. दोन्ही एकत्र केलं असतं तर जीएचे पैसे पाण्यात. कॅनवर याबद्दल एक ओळ नाही. लोगो मात्र दोन इंचाचा.

लेबलवर दुसरंही काही नाही: शेवाळ कुठल्या समुद्रातलं, तोडलेलं की लावलेलं. आमच्या द्राक्षाचा प्लॉट नोंदवा, फवारणीची वही ठेवा, औषधाचा रेसिड्यू (उरलेला अंश) तपासा, असं बाजार आम्हाला विचारतो. मग आम्ही का विचारू नये?

देशी कॅनमागची गोष्ट तर छापण्यासारखी आहे. हे शेवाळ मूळ आग्नेय आशियातलं. फिलिपिन्समध्ये तिथल्या लोकांना बरोबर घेऊन हवाई विद्यापीठाचे मॅक्सवेल डोटी यांनी त्याच्या लागवडीची घडी बसवली. 1984 मध्ये ते जपानहून भारतात संशोधनासाठी आलं, भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेकडं, आणि गुजरातच्या किनाऱ्यावर वाढवलं गेलं. ताजं शेवाळ वाटून रस खतासाठी आणि चोथा कॅराजीननसाठी (खाण्याच्या पदार्थांना दाटपणा आणणारा डिंकासारखा पदार्थ), ही पद्धत याच संस्थेची. आज तामिळनाडूतल्या रामनाथपुरमच्या किनाऱ्यावर 3 मीटर बाय 3 मीटरच्या बांबूच्या तराफ्यांवर ते लावतात, साधारण 45 दिवसांत काढणी. कामाला बहुतेक बचत गटातल्या बायका.

पण बेणं तेच. काडी तोडायची, बांधायची, पुन्हा तोडायची, त्यानं बेण्याचा जोम कमी होत जातो. 2013 नंतर तामिळनाडूत उत्पादन कोसळलं. आता नवं बेणं बाहेरूनच आणावं लागणार, म्हणून केंद्रानं 2024 मध्ये जिवंत शेवाळ आयातीचे नियम काढले, क्वारंटाइनसकट. हे नियम गरजेचेच, कारण बाहेरचं शेवाळ पसरूही शकतं. मन्नारच्या आखातात कुरुसडाई बेटाजवळ हेच शेवाळ प्रवाळावर पसरल्याचं 2008 मध्ये नोंदवलं गेलंय.

परदेशी शेवाळाबद्दल मी वाचलं ते कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकचं. तिथं ते लावत नाहीत, खडकावरचं नैसर्गिक कापतात. वर्षाला काढण्याजोग्या साठ्याच्या 17 टक्क्यांपर्यंतच, आणि खाली किमान 12.7 सेंटिमीटर बुडखा ठेवून, म्हणजे पुन्हा फुटतं. खरड छाटणीला वेलीचा ओलांडा (तारेवरची आडवी जुनी फांदी) राखतो तसंच की हे. माझ्या कॅनमधलं तिथलंच का, नॉर्वेचं का आयर्लंडचं, ते विचारायला लेबलवरच्या कस्टमर केअरला फोन केला. पोरगी गोड बोलली, "मॅडम, इम्पोर्टेड आहे."

देशीला पाचपैकी साडेतीन, गाळाचा अर्धा कापला. इम्पोर्टेडला अडीच. घेताना कॅनवर खत नियंत्रण आदेशाखालचा बायोस्टिम्युलंटचा (पिकाच्या वाढीला चालना देणाऱ्या मालाचा) उल्लेख बघा, 2021 पासून हा माल त्या आदेशाखाली आलाय. पक्कं बिल मागा, आणि अर्काची टक्केवारी वाचा, कारण नुसतं "सी-वीड" लिहिलेल्या स्वस्त बाटलीत शेवाळाऐवजी ह्युमिक ॲसिडच जास्त असू शकतं. मी पुढच्या छाटणीला देशीचाच पाच लिटरचा कॅन घेणार. इम्पोर्टेड उरलंय ते परड्यातल्या वांग्यांवर मारून संपवते.